वंगणातील संरक्षण आणि बाटलीतील आश्वासन

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात इंजिन ऑइलच्या डब्यांशेजारी लहान बाटल्यांची एक निराळी ओळ मांडलेली असते, आणि तिच्यातील जवळजवळ प्रत्येक बाटलीवरचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो की, हे द्रव्य इंजिनातील तेलात ओतले असता धातूची झीज निम्म्याने घटेल, इंजिनाचे आयुष्य वाढेल, आवाज मंदावेल आणि पेट्रोलही कमी लागेल. बाटलीची किंमत तेलाच्या मानाने जबर असते. परंतु इंजिन उतरवून बोअर करून घेण्याचा खर्च ज्याने एकदा सोसला आहे त्याला ती जबर वाटत नाही, आणि या भयापोटी मनुष्य जे पैसे खुशीने मोजतो त्यांवरच हा सारा व्यापार उभा आहे. म्हणून ही द्रव्ये झिजेपासून खरोखर संरक्षण करतात की नाही, या प्रश्नाची रुजवात एकदा उपलब्ध पुराव्यानिशी करणे अगत्याचे आहे.

प्रश्न वरकरणी एकच दिसत असला तरी त्याच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. तेलात मिसळलेली रासायनिक द्रव्ये धातूची झीज थांबवू शकतात काय, हा पहिला. आणि कारखान्यात सर्व द्रव्ये घालून, कसून परीक्षा होऊन बंद झालेल्या डब्यातील तेलात आपण घरी किंवा गॅरेजात आणखी एक बाटली ओतली तर ती झीज अधिक थांबते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी आहे, दुसऱ्याचे जवळजवळ नेहमी नकारार्थी आहे, आणि पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या समर्थनार्थ पुढे करणे हीच या व्यापाराची मुख्य युक्ती राहिली आहे, असे माझे मत आहे.

पहिल्या प्रश्नाचा विचार करताना आरंभ रसायनशास्त्रापासून न करता साध्या तेलापासून केला पाहिजे. कारण इंजिनाचे सर्वांत मोठे संरक्षण कोणत्याही पूरक द्रव्याने होत नसून तेलाच्या तेलपणानेच होते. इ.स. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमधील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाच्या संशोधनाचे काम बीचम टॉवर या अभियंत्याकडे सोपविले होते. रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत असता त्याने वरच्या पितळी भागात तेल घालण्यासाठी एक भोक पाडले, तो आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर उसळू लागले; बुचाने भोक बंद केले तर बूच उडाले, लाकडी खुंटी ठोकली तर तीही बाहेर फेकली गेली, आणि अखेर दाबमापक बसविला तेव्हा असे आढळले की, बेअरिंगवरील भारामुळे सरासरीने जो दाब पडावयास हवा त्याच्या सुमारे दुप्पट दाब त्या तेलात उत्पन्न झालेला आहे. म्हणजे फिरणारा आस स्वतःच्या गतीने तेल खेचून घेत होता, आणि त्या तेलाच्या पाचरीवर अख्खा भार तरंगत होता. धातूला धातू लागतच नव्हता. या घटनेची गणिती उपपत्ती ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली मांडली, आणि आजच्या मोटारीच्या क्रँकशाफ्टची बेअरिंगे याच नियमाने, जेमतेम काही मायक्रोमीटर जाडीच्या तेलाच्या पडद्यावर, लाखो मैल धावतात. चालत्या इंजिनात जेथे असा पूर्ण पडदा तयार होतो तेथे झीज जवळजवळ नसते, आणि जी नाहीच ती बाटलीतील द्रव्याने निम्मी करण्याचा दावा निराधार ठरतो.

तथापि प्रत्येक ठिकाणी हा पडदा टिकत नाही. पिस्टन सिलिंडरच्या वरच्या टोकाला पोहोचून क्षणभर थबकतो तेव्हा रिंगला तेल खेचण्याइतकी गती राहत नाही. कॅमचे नाक टॅपेटवर अतोनात दाबाने घासते. आणि इंजिन सुरू होताना काही क्षण सर्वच भाग मंदगतीचे असतात. जर्मन संशोधक स्ट्रिबेक याने १९०२ साली घर्षणाचा जो आलेख काढला, त्यात गती, भार आणि तेलाचा दाटपणा यांच्या प्रमाणानुसार पूर्ण पडद्याचे राज्य कोठे संपते आणि धातूंच्या टोकाटोकांचा संघर्ष कोठे सुरू होतो हे स्पष्ट दिसते. पूरक द्रव्यांचा खरा इलाखा एवढाच आहे.

थंड इंजिन सुरू करताना होणाऱ्या झिजेचा उल्लेख या बाटल्यांच्या जाहिरातींत हमखास येतो. ती झीज खरी आहे. पण तिचे कारण जाहिरातदार सांगतात ते नव्हे. १९३० च्या दशकात इंग्लंडमधील मोटार अभियंत्यांच्या संस्थेसाठी सी. जी. विल्यम्स यांनी सिलिंडरच्या झिजेवर जे दीर्घ संशोधन केले, त्यात असे आढळले की, सिलिंडरची भिंत थंड असताना ज्वलनातून निघालेली वाफ आणि आम्ले तिच्यावर दवासारखी जमतात आणि धातूला खातात. म्हणजे ज्याला आपण घर्षणाची झीज समजतो तिचा मोठा भाग वस्तुतः गंजाचा असतो. गंजावरचा उपाय निसरडा लेप हा नसून आम्ल मारणारे अल्कधर्मी द्रव्य, भिंत लवकर तापू देणारा चांगल्या स्थितीतला थर्मोस्टॅट आणि आम्लांनी भरलेले जुने तेल वेळेवर काढून टाकणे हा आहे. अवघ्या दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्या मारणारी गाडी लांबच्या प्रवासाच्या गाडीपेक्षा लवकर का झिजते, याचाही उलगडा यातच होतो.

आता रसायनाकडे वळू. डीझेल इंजिनांचा भार वाढू लागला तेव्हा साध्या खनिज तेलाने काम भागेना. उष्णतेने तेल जळून त्याची राळ पिस्टनच्या खाचांत साचे, रिंगा चिकटून बसत आणि इंजिन निकामी होई. कॅटरपिलर कंपनीच्या ट्रॅक्टरांना हा त्रास विशेष झाला, आणि तिच्या सहकार्याने कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९३५ साली ‘डेलो’ नावाचे, मळ धुऊन काढणारे द्रव्य मिसळलेले तेल बाजारात आणले. रिंगा मोकळ्या राहू लागल्या. पण एका रोगाच्या औषधाने दुसरा रोग उघडकीस आला, कारण त्या काळात नव्याने रूढ झालेली तांबे-शिशाची बेअरिंगे अशा तेलांत गंजू लागली. या गंजावर तोड म्हणून १९४० च्या दशकाच्या आरंभी जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचे एक संयुग तेलात घालण्यात आले; त्याचे लांबलचक नाव जस्त डायअल्किलडायथायोफॉस्फेट असे असून व्यवहारात ते झेडडीडीपी या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. ते आले बेअरिंगांचा रक्षक म्हणून. परंतु १९५० च्या दशकात अमेरिकी मोटारींची इंजिने अधिक शक्तिमान होऊन कॅम व टॅपेट भराभर झिजू लागले, तेव्हा असे ध्यानात आले की हेच द्रव्य त्या झिजेवर रामबाण आहे. पाऊणशेहून अधिक वर्षे झाली, त्याची जागा पूर्णपणे घेईल असा पर्याय अद्याप मिळालेला नाही.

या द्रव्याची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. जेथे धातूची दोन पृष्ठे दाबाने घासतात तेथेच ते विघटन पावते, आणि लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा थर उत्पन्न होतो; त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाच्या आसपास असते. घर्षण होते ते या थराचे. तो झिजतो आणि तेलातील द्रव्यातून पुन्हा भरून येतो, आणि मूळ पोलाद वाचते. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व एक्सॉनमोबिल कंपनीतील संशोधकांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने हा थर वाढत असताना प्रत्यक्ष पाहिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दाब आणि तापमान वाढले की थराची वाढही झपाट्याने होते, असे त्यांना आढळले. जेथे संकट अधिक तेथे संरक्षण अधिक, अशी ही विलक्षण योजना असून, पूरक द्रव्ये ही सारी भूलथाप आहे असे जे काही जाणकार म्हणवणारे सरसकट सांगतात, त्यांचे म्हणणे या एकाच उदाहरणाने खोटे ठरते.

मात्र हे द्रव्य डब्यातील तेलात आधीच असते. आजच्या चांगल्या इंजिन ऑइलमध्ये दहा ते वीस टक्के भाग पूरक द्रव्यांचा असतो : मळ धुणारी कॅल्शियम व मॅग्नेशियमची क्षारयुक्त द्रव्ये, काजळी तरंगत ठेवणारी द्रव्ये, तेल उष्णतेत फार पातळ होऊ न देणारी बहुवारिके, ऑक्सिडीकरण रोखणारी, फेस मारणारी, घर्षण घटविणारी, आणि झेडडीडीपी. ही द्रव्ये बनविणारे कारखाने वेगळे असतात व तेल बनविणारे वेगळे; नवी मुंबईतील तुर्भ्याचा ल्युब्रिझॉलचा कारखाना याच प्रकारचा. त्या कंपनीचा जन्म १९२८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे झाला, तोही मोटारींच्या स्प्रिंगांची करकर थांबविणाऱ्या ग्रॅफाइटयुक्त तेलाच्या विक्रीतून.

इतकी द्रव्ये एका भांड्यात नांदवायची म्हणजे त्यांचे परस्परसंबंध सांभाळावे लागतात, आणि हाच या प्रकरणातील सर्वांत मोलाचा, पण सर्वांत कमी सांगितला जाणारा मुद्दा आहे. लोखंडाच्या पृष्ठावर जागा मर्यादित आहे. मळ धुणारे द्रव्य, घर्षण घटविणारे द्रव्य आणि झीज रोखणारे द्रव्य ही तिन्ही त्याच जागेसाठी चढाओढ करतात. त्यांपैकी एकाचे प्रमाण मनमानीने वाढविले, तर दुसऱ्याला पृष्ठावर जागा मिळत नाही आणि त्याचे काम बंद पडते. दुसरे असे की, फॉस्फरस थोडाथोडा जळून धुराबरोबर बाहेर जातो आणि एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणून पातळ श्रेणीच्या पेट्रोल तेलांत त्याची कमाल मर्यादा उतरवीत उतरवीत २००४ साली ०.०८ टक्क्यांवर आणली गेली, आणि झीज-संरक्षण ढळू नये म्हणून किमान मर्यादा ०.०६ टक्के ठेवली गेली. कॅल्शियमचे उदाहरण याहून बोलके आहे. ते आम्ल मारते, पिस्टन स्वच्छ ठेवते, म्हणून अनेक दशके त्याला कोणी दोष दिला नाही; परंतु टर्बो लावलेल्या व सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या लहान इंजिनांत, मंद गती व मोठा भार असताना, त्याच कॅल्शियममुळे इंधन अवेळी पेटून पिस्टन फुटू शकतात असे निदर्शनास आले, आणि अशा इंजिनांच्या तेलांत त्याचा काही भाग काढून मॅग्नेशियम घालावे लागले. अशा इंजिनात ‘क्लीनर’ म्हणून कॅल्शियमयुक्त बाटली ओतणाराने कोणत्या संकटाला आमंत्रण दिले आहे, याचा विचार त्याने करावा.

या समतोलाची परीक्षा इंजिनातच होते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची एसएम किंवा एसएन श्रेणी मिळविण्यासाठी तेलाला ज्या कसोट्या उतराव्या लागत, त्यांपैकी एकीत जनरल मोटर्सचे ३.८ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन १५० अंश सेल्सियस तापलेल्या तेलावर १०० तास चालवून कॅम-टॅपेटची सरासरी झीज ६० मायक्रोमीटरच्या आत असल्याची खातरजमा केली जाई. दुसरीत निसानचे २.४ लिटरचे इंजिन मंद गतीने व थंड तेलावर १०० तास चालवून प्रत्येक कॅमची झीज सात ठिकाणी मोजली जाई आणि सरासरी ९० मायक्रोमीटरची मर्यादा ओलांडली की तेल नापास होई. २०२० साली आलेल्या एसपी श्रेणीत टायमिंग चेनच्या झिजेची नवी कसोटीही जोडली गेली. ज्या मिश्रणाची परीक्षा झाली त्या मिश्रणापुरतेच हे प्रमाणपत्र असते. त्यात बाटली ओतताच आपल्या इंजिनात जे तेल उरते, त्याची परीक्षा कोणीही केलेली नसते.

बाटल्यांचे बाहेरून शेकडो प्रकार असले तरी आतल्या मालाची घराणी थोडीच आहेत. सर्वांत जुने घराणे दाट बहुवारिकांचे. १९५० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या ‘एसटीपी’ने ते लोकप्रिय केले. झिजलेल्या इंजिनात दाट तेल घातले की ठोके दबतात, धूर थोडा कमी होतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण रिंगा व बेअरिंगे होती तेवढीच झिजलेली राहतात, आणि सकाळी थंड इंजिनात ते दाट तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचण्यास उलट विलंब लागतो. अनेक सचोटीचे मेकॅनिक आवाज घटला म्हणून द्रव्य गुणकारी अशी साक्ष देतात, ती या घराण्याच्या बाबतीत खरी असूनही झिजेचा पुरावा ठरत नाही.

दुसरे घराणे टेफ्लॉनचे, म्हणजे पीटीएफई या बहुवारिकाच्या सूक्ष्म कणांचे. अन्न न चिकटणारा तवा ज्याने पाहिला आहे त्याला तसाच लेप इंजिनाच्या आत बसेल ही कल्पना पटण्याजोगी वाटते. परंतु तव्यावर तो लेप बसविण्यासाठी धातू खरवडून निर्मळ करावा लागतो आणि साडेतीनशे अंशांहून अधिक उष्णतेत भट्टीत भाजावा लागतो. तेलाने माखलेल्या, त्याहून कितीतरी थंड इंजिनात कण नुसते फिरत राहतात, आणि घन कण असल्यामुळे ते अरुंद तेलमार्गांत व फिल्टरात साचण्याचा धोका राहतो. तिसरे घराणे क्लोरीनयुक्त पॅराफिनांचे. अतिशय दाबाखाली त्यांतून लोखंडाचे क्लोराइड बनते व घर्षण खरोखर घटते, म्हणून धातू कापण्याच्या तेलांत त्यांना मान आहे. पण इंजिनात उष्णता आणि पाणी दोन्ही असल्याने त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटण्याची भीती असते. चौथे घराणे मॉलिब्डेनम डायसल्फाइड व ग्रॅफाइट यांसारख्या घन वंगणांचे. यांच्या पाठीशी इतरांपेक्षा अधिक शास्त्र आहे, आणि मॉलिब्डेनमची तेलात विरघळणारी संयुगे तर अनेक आधुनिक तेलांत घर्षण घटविण्यासाठी कारखान्यातच घातलेली असतात. मात्र घर्षण घटणे आणि झीज घटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचे भान ठेवले पाहिजे. झेडडीडीपीच झीज रोखताना घर्षण किंचित वाढविते.

दाव्यांची न्यायासनासमोर छाननी कोठे झाली असेल तर ती अमेरिकेत. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने एसटीपीविरुद्ध १९७६ साली हुकूम काढला. पुढे १९७८ साली कंपनीला पाच लाख डॉलर दंड भरावा लागला आणि आपल्या दाव्यांचा आधार ठरलेल्या चाचण्या विश्वसनीय नव्हत्या अशा आशयाचा खुलासा वृत्तपत्रांत स्वखर्चाने छापावा लागला. त्याच हुकमाचा भंग केल्याच्या आरोपावरून १९९५ साली नव्या मालक कंपनीने आणखी ८,८८,००० डॉलर भरले. टेफ्लॉनवर आधारलेल्या ‘स्लिक ५०’ या त्या काळी अग्रगण्य असलेल्या द्रव्याविरुद्ध १९९६ साली तक्रार दाखल झाली. हे द्रव्य नसेल तर प्रत्येक थंड प्रारंभाला धातूवर धातू घासतो, असे त्याच्या जाहिराती सांगत. आयोगाचे म्हणणे असे होते की, मालकासाठीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल वापरले तर बहुतेक इंजिनांना प्रारंभसमयीही पुरेसे संरक्षण असतेच, आणि टेफ्लॉनचा लेप भागांवर बसतो हा दावा खोटा आहे. १९९७ साली तडजोड होऊन ग्राहकांना किमान एक कोटी डॉलरांची भरपाई देण्याचे ठरले. ‘ड्युरा ल्यूब’ने २००० साली वीस लाख डॉलरांवर तडजोड केली, त्याच्या बाटलीत क्लोरीनची संयुगे नाहीत असे सांगितले जाई, ते खरे नव्हते असे आयोगाने म्हटले होते.

या सर्व मुकदम्यांत ‘झेडमॅक्स’चे प्रकरण मला सर्वांत उद्बोधक वाटते. २००१ सालच्या तक्रारीत आयोगाने असा आरोप ठेवला की, एल-३८ नावाची प्रमाणित कसोटी दोनदा करून घेण्यात आली, तीत हे द्रव्य मिसळलेल्या तेलात बेअरिंगांचा गंज नुसत्या तेलापेक्षा दुपटीहून अधिक झाला, आणि तरीही दोन चाचण्यांच्या निष्कर्षांतून प्रतिकूल तेवढे वगळून एकच अनुकूल अहवाल बनवून तो लोकांपुढे मांडण्यात आला. २००३ साली दहा लाख डॉलरांवर हे प्रकरण मिटले. आता ही एल-३८ कसोटी कशाची, तर तांबे-शिशाच्या बेअरिंगांच्या गंजाची. म्हणजे ज्या दुखण्यावर उपाय शोधताना तेलशास्त्राला झेडडीडीपी सापडले, नेमके तेच दुखणे साठ वर्षांनंतर एका संरक्षक म्हणवणाऱ्या बाटलीने वाढविल्याची नोंद सरकारी दफ्तरात झाली. समतोल बिघडला म्हणजे काय होते, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही.

हे आरोप आणि तडजोडी आहेत, न्यायालयाचे अंतिम फैसले नव्हेत, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण आयोगाची मागणी साधी होती : दावा करा, मात्र विश्वसनीय शास्त्रीय पुरावा आधी जवळ ठेवा. बलाढ्य कंपन्या इतकी रक्कम भरावयास तयार झाल्या, तरी असा पुरावा त्यांनी पुढे ठेवला नाही, यावरून वाचकाने अनुमान काढावे.

स्वतंत्र चाचण्यांपैकी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकहितवादी मासिकाची चाचणी मोठी होती. न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींत नव्याने बांधलेली इंजिने बसवून, प्रत्येक टॅक्सी सुमारे ६०,००० मैल चालवून, मग ती इंजिने उघडून कॅम व बेअरिंगे मोजण्यात आली. १९९६ च्या जुलैत निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि स्लिक ५० व एसटीपी यांच्या वापराने काही लाभ झाल्याचे आढळले नाही. या चाचणीवर एक आक्षेप रास्त आहे. टॅक्सी दिवसभर तापलेलीच राहते, थंड प्रारंभ तिच्या वाट्याला क्वचित येतात, म्हणून खासगी गाडीची सर्व परिस्थिती तीत प्रतिबिंबित होत नाही. तरीही ‘निम्मी झीज’ असा सरसकट दावा करणाऱ्या द्रव्याचा साठ हजार मैलांत काहीच मागमूस लागू नये, ही गोष्ट आक्षेपाने पुसली जात नाही.

जत्रांतून, प्रदर्शनांतून आणि दूरचित्रवाणीवरून दाखविला जाणारा एक प्रयोग मात्र आजही लोकांना भुलवितो. फिरत्या पोलादी कड्यावर एक लहान तुकडा तरफेच्या साहाय्याने दाबतात. नुसत्या तेलात तो लवकर कुरकुरून अडकतो, आणि द्रव्याचे थेंब घालताच कितीही वजन टांगले तरी चालत राहतो. हे टिमकेन यंत्राचे रूप आहे, आणि ते गिअर ऑइल व ग्रीस यांचा अतिदाब जोखण्यासाठी योजलेले होते. त्या रेषेएवढ्या स्पर्शात जो दाब पडतो तसा इंजिनातील बहुतेक ठिकाणी कधीच पडत नाही, आणि तेथे क्लोरीनयुक्त कोणतेही द्रव्य चमत्कार करते; चिकित्सकांनी त्याच यंत्रावर शांपू आणि कपडे धुण्याचे ब्लीच ओतूनही असाच विजय मिळवून दाखविला आहे. इंजिनात ब्लीच कोणी ओतणार नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे, कारण आपल्या रस्त्यांवर मोटारींपेक्षा मोटारसायकली कितीतरी अधिक आहेत. मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच तिन्हींना एकच तेल. क्लचच्या पट्ट्या त्या तेलातच बुडालेल्या असतात आणि त्यांचे काम घर्षणावरच चालते. म्हणून जपानी ‘जासो’ मानकानुसार क्लचवाल्या मोटारसायकलींच्या तेलाला ‘एमए’ आणि ज्यांचा क्लच तेलात नसतो त्या गिअरविरहित स्कूटरांच्या कमी घर्षणाच्या तेलाला ‘एमबी’ असे शिक्के दिले जातात. घर्षण घटविणारी बाटली मोटारसायकलीत ओतली की ‘एमए’ तेलाचा व्यवहार ‘एमबी’सारखा होऊ लागतो, चढावर क्लच घसरतो, आणि झीज वाचविण्याच्या प्रयत्नात क्लचच्या पट्ट्या जळतात. गॅरेजांत या बाटल्या दुचाकीवाल्यांनाही विकल्या जातात, ही गोष्ट मला अत्यंत गैर वाटते.

दुसरी बाजू धुळीची. कच्चे रस्ते, बांधकामे, उन्हाळ्यातील वावटळी यांनी एअर फिल्टर भरतो. तो फाटला किंवा स्वस्त बनावटीचा असला, की वाळूचे सूक्ष्म कण सिलिंडरात शिरून रिंगा घासून टाकतात. तेलाच्या प्रयोगशाळेतील पृथक्करणात सिलिकॉन आणि लोखंड यांचे आकडे बरोबरीने वाढलेले दिसले, तर ती झीज कोणतेही वंगण रोखू शकत नाही. बाटलीच्या किमतीत चांगला एअर फिल्टर येतो, आणि माझ्या मते पैशाचा तो विनियोग अधिक शहाणपणाचा आहे.

कायद्याचे पाठबळ आता येथेही आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. इंजिनाचे आयुष्य दुप्पट करणाऱ्या प्रत्येक बाटलीवर, कोणत्या प्रमाणित इंजिन-कसोटीत, कोणत्या तेलाबरोबर आणि कोणाच्या देखरेखीखाली हे सिद्ध झाले, इतका तपशील छापणे सक्तीचे व्हावे, अशी मागणी ग्राहक संघटनांनी या कायद्याच्या आधारे करावयास हरकत नाही.

बाटलीचा पक्ष जेथे खरोखर बळकट आहे, असे एक स्थळ उरते. जुन्या इंजिनांत कॅम सपाट टॅपेटवर थेट घासतो, मध्ये फिरते रोलर नसतात. आपल्याकडील अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी ही दोन्ही याच जातीची. फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आल्यापासून अशा गाड्यांच्या शौकिनांना चिंता वाटते आणि ती अगदीच अस्थानी नाही. परंतु ही मर्यादा पातळ श्रेणींपुरती आहे. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० अशा दाट श्रेणींना ती लागू नाही, आणि जुन्या पद्मिनीत घालायचे तेलही याच श्रेणींचे. तेव्हा मालकाने डब्याच्या तपशीलपत्रकात जस्त व फॉस्फरसचे प्रमाण पाहून घ्यावे, ते पुरेसे असेल तर बाटलीची गरज उरत नाही. नवा कॅमशाफ्ट व नवे टॅपेट बसविले असतील, आणि कॅम बनविणाऱ्याने तशी शिफारस केली असेल, तर पहिल्या ‘रनिंग-इन’पुरते जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्य जरूर घालावे, ते तेल अल्पावधीतच काढून टाकायचे असते, आणि त्यानंतर भरायचे ते नेहमीचे २०डब्ल्यू-५०.